सही करण्यापूर्वी

चौतीस वर्षे मी बँकेत काढली. शाखा बदलल्या, गावे बदलली, हाताखालची माणसे बदलली; एक वाक्य मात्र बदलले नाही. कर्जदारापुढे कागदांची चळत सरकवली की मी म्हणायचो, “घाई करू नका. वाचा. नाही समजलं तर विचारा. मगच सही करा.” बहुतेक जण हसून “साहेब, तुम्ही आहात ना!” म्हणायचे आणि मी बोट ठेवीन तिथे सही करून मोकळे व्हायचे. त्यांतलेच काही पुढे जामीनदाराला घेऊन माझ्या टेबलापाशी यायचे आणि “हे कलम आम्हाला कुणी सांगितलंच नाही” म्हणून भांडायचे. मी शांतपणे त्यांना त्यांची सही दाखवायचो.

२०१९च्या फेब्रुवारीत, निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झाले असताना, एका रुग्णालयात सकाळी साडेसहाला परिचारिकेने माझ्यापुढे असेच कागद धरले. चष्मा मुलाच्या खिशात होता. मी विचारले, “कुठे करू?” तिने बोट ठेवले. मी सही केली.

गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा कॅन्सर. आधी पाच आठवडे किरणोपचार झाले होते, मग काही आठवडे थांबून ही शस्त्रक्रिया. संध्याकाळी शुद्धीवर आलो तेव्हा पोटाच्या उजव्या बाजूला काहीतरी चिकटवलेले हाताला लागले. प्लास्टिकची पिशवी होती. आत लालभडक, ओला, लिंबाएवढा मांसल गोळा. ते माझे आतडे होते. मुलगा म्हणाला, “बाबा, तात्पुरती आहे. तीन महिन्यांत काढतात.” त्याला आधीपासून माहीत होते. पत्नीलाही माहीत होते. डॉक्टरांनी दोन दिवस आधी त्यांना बोलावून सांगितले होते आणि “ह्यांना उगाच कशाला घाबरवायचं” असे घरात ठरले होते. माझ्या सहीच्या वर, तिसऱ्या कलमात, ते छापलेलेही होते.

ही तक्रार नव्हे. त्या डॉक्टरांनी माझा जीव वाचवला आणि घरच्यांनी जे केले ते मायेपोटी केले. पण गेल्या सहा वर्षांत या विषयावर जे वाचले, डॉक्टरांना विचारून घेतले आणि शेजारच्या खाटांवर जे पाहिले, त्यावरून एक मत पक्के झाले आहे. पिशवी ठेवायची की नाही, ठेवली तर कोणत्या आतड्याची आणि किती दिवस, हा हिशेब रुग्णाच्या समोर मांडला पाहिजे. तो हिशेब अवघड नाही. कर्जाच्या करारनाम्यापेक्षा तर नक्कीच सोपा आहे.

मुळात पिशवीची गरज का पडते? १९०८ साली लंडनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशयाच्या कॅन्सरसाठी जी शस्त्रक्रिया सांगितली, तिच्यात गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढून टाकत. रुग्णाच्या पोटावर कायमचे छिद्र राही. पुढे १९८२ साली इंग्लंडमधल्या बेझिंगस्टोक या गावच्या बिल हील्ड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, गुदाशयाभोवतीचे चरबीचे वेष्टण अखंड ठेवून नेमक्या थरातून गाठ काढली, तर त्या जागी कॅन्सर परतण्याचे प्रमाण खूप घटते. त्याच सुमारास आतडे जोडणारे गोल स्टेपलर रुळत होते. त्यामुळे खूप खाली असलेली गाठसुद्धा काढून वरचे आतडे खाली आणून जोडता येऊ लागले. कायमची पिशवी टळली. पण त्या जागी एक नवी काळजी आली, ती सांध्याची.

हा सांधा ओटीपोटाच्या अरुंद पोकळीत, गुदद्वारापासून काही सेंटीमीटरवर असतो. तिथला रक्तपुरवठा बेताचा. त्यात किरणोपचार झालेले असतील, रुग्ण पुरुष असेल, धूम्रपान करणारा असेल किंवा अंगात ताकद नसेल, तर सांधा भरून येताना कुठेतरी उसवण्याची भीती अधिक. उसवला तर मळ पोटात जातो, पू होतो, जंतुसंसर्ग रक्तात पसरतो आणि चार-आठ दिवसांपूर्वी मोठी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागते. म्हणून वरचे आतडे पोटावर बाहेर काढून मळाचा रस्ता काही काळ वळवायचा. खालच्या सांध्याला विश्रांती द्यायची.

येथे मला बँकेतली गोष्ट आठवते. गोदामातल्या मालावर कर्ज दिले की मालाचा विमा आम्ही उतरवायलाच लावायचो. विम्याने आग लागायची थांबत नाही. लागली तर माणूस रस्त्यावर येत नाही, इतकेच. पिशवीचे असेच आहे. सांधा भरून येतो तो चांगल्या रक्तपुरवठ्यावर आणि ताण नसलेल्या जोडणीवर. पिशवी त्याला भरून आणत नाही. तो कुठे कच्चा राहिला तर त्याचे संकट होऊ देत नाही.

हा विमा उपयोगी पडतो का? पडतो. स्वीडनमधल्या २१ रुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खालचा सांधा केलेल्या २३४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली होती. पिशवी न ठेवलेल्यांपैकी २८ टक्के रुग्णांना सांधा गळण्याचा त्रास झाला. पिशवी ठेवलेल्यांपैकी सुमारे १० टक्के रुग्णांना. तातडीने पोट पुन्हा उघडावे लागण्याचे प्रमाणही असेच, २५ टक्क्यांच्या जागी साडेआठ. २०१० साली अशा सहा अभ्यासांतल्या ६४८ रुग्णांचा एकत्र हिशेब झाला, त्याचाही निष्कर्ष हाच निघाला. मृत्यूच्या प्रमाणात मात्र स्पष्ट फरक दिसला नाही.

पण विमा म्हटला की हप्ता आला. तो कुणी सांगत नाही.

आमच्या बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याचेही असेच ऑपरेशन झाले होते. ते भेटायला आले आणि माझी पिशवी पाहून म्हणाले, “मला नव्हती ठेवली. तुमचे डॉक्टर जरा भित्रे दिसतात.” मलाही क्षणभर तसेच वाटले. नंतर कळले की त्यांची गाठ बरीच वर होती. सांधा जितका वर, तितका धोका कमी. तिथे सरसकट पिशवी ठेवण्याचे कारण नसते. माझा सांधा खाली होता, शिवाय किरणोपचार झालेले होते. दोन कर्जदारांची जोखीम वेगळी, म्हणून अटी वेगळ्या. एवढे कुणी आधी सांगितले असते तर त्या संध्याकाळी मी डॉक्टरांवर मनातल्या मनात चिडलो नसतो.

शेजारच्या खाटेवर धाराशिवकडचे एक शेतकरी होते, माझ्याच वयाचे. त्यांनाही पिशवी होती, पण ती पोटाच्या वरच्या बाजूला आणि मोठ्या आतड्याची. माझी लहान आतड्याची. डॉक्टरांच्या भाषेत त्यांची कोलोस्टॉमी, माझी इलिओस्टॉमी. दोघांचा आजार एक, डॉक्टर एक, वॉर्ड एक. मग हा फरक का? मी विचारले तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितले ते आजही लक्षात आहे. त्या गृहस्थांची मूत्रपिंडे आधीच थोडी कमजोर होती, गाव रुग्णालयापासून लांब होते आणि पुढे उन्हाळा येत होता.

लहान आतड्यातून बाहेर येणारा मळ पातळ असतो. त्यातले पाणी आणि मीठ शोषून घ्यायचे काम मोठ्या आतड्याचे. पण इलिओस्टॉमीत मळ तिथवर पोचतच नाही. रोज अर्धा ते एक लिटर पाणी पिशवीत जाते, बिघडले तर दीड-दोन लिटर. त्यातल्या पाचक रसांनी आजूबाजूची कातडी सोलवटते. मोठ्या आतड्याच्या पिशवीत मळ घट्ट असतो, पाणी फारसे जात नाही. पण ती आकाराने मोठी, तिला वास अधिक, आणि खोकताना-शिंकताना आतडे बाहेर घसरण्याचा त्रास जास्त. माझ्या शेजाऱ्यांना तो झालाच. पिशवी बंद करायच्या वेळी जखम चिघळण्याची शक्यताही त्यात अधिक धरतात.

मग चांगली कोणती? गंमत अशी की, तज्ज्ञांचेही यावर भांडण झालेले आहे. २००१ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात हील्ड यांच्याच गटाने लिहिले की, लहान आतड्याची पिशवी बरी. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात हाँगकाँगच्या डॉक्टरांनी लिहिले की, तिच्यात आतड्याला अडथळा येण्याचे प्रमाण जास्त, तेव्हा मोठ्या आतड्याचीच बरी. २००७ साली पाच अभ्यासांतले ३३४ रुग्ण एकत्र मोजले गेले. आतडे घसरण्याचा त्रास मोठ्या आतड्याच्या पिशवीत अधिक, एवढेच ठामपणे सांगता आले. बाकी निकाल लागला नाही. आज पुष्कळ शल्यचिकित्सक इलिओस्टॉमी पसंत करतात. पण ज्या प्रश्नावर जाणकारांतच एकमत नाही, तो प्रश्न रुग्णाला न विचारता सोडवायचा कसा? उन्हात काम करणारा, एकटा राहणारा, मूत्रपिंडाचा विकार असलेला, रोज दहा माणसांत वावरणारा, या प्रत्येकाचे उत्तर वेगळे असू शकते.

माझा हप्ता मी त्या वर्षीच्या मे महिन्यात भरला. केमोथेरपी चालू होती, ऊन रणरणत होते. पिशवी दिवसातून नऊ-दहा वेळा रिकामी करावी लागू लागली. तहान लागे म्हणून मी माठातले पाणी तांब्यातांब्याने पीत होतो. जितके प्यावे तितकी तहान वाढे. तिसऱ्या रात्री पोटऱ्यांत गोळे आले, उठायला गेलो तो भोवळ येऊन पडलो. रुग्णालयात सलाइन लावले, क्रिएटिनिन चढले होते. डॉक्टर म्हणाले, “नुसतं पाणी पिऊन तुम्ही शरीरातलं मीठ धुऊन काढत होता.” मीठ-साखरेचे प्रमाणशीर पाणी प्यायला हवे होते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना ज्या पाण्याने वाचवले, तेच हे. घरात त्याची पाकिटे होती, नातवासाठी आणलेली. आपल्या आजोबांना ती लागतील हे आम्हा कुणाच्या डोक्यात आले नाही.

दुसरा हप्ता काळाचा. ‘तीन महिने’ म्हणून सांगितलेली पिशवी माझ्या पोटावर नऊ महिने राहिली, कारण आधी केमोथेरपी पूर्ण करायची होती. हे अपवादाने घडत नाही. आणि बंद करणे म्हणजे बटण लावणे नव्हे. तीही शस्त्रक्रियाच असते, भूल, टाके, जखम सगळे आले. शिवाय नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, तात्पुरत्या म्हणून ठेवलेल्या पिशव्यांपैकी १९ टक्के कधी बंदच झाल्या नाहीत. कुणाचा सांधा भरला नाही, कुणाचा आजार उलटला, कुणाची दुसऱ्या शस्त्रक्रियेची ताकदच उरली नाही. पाचांत एक. ‘तात्पुरती’ या शब्दात हा आकडा कुठे दिसतो का?

याच्या उलट, लवकर बंद करण्याचाही एक मार्ग आहे. डेन्मार्क आणि स्वीडनमधला २०१७ सालचा एक अभ्यास आहे. ज्यांचा सांधा तपासणीत पक्का दिसला अशा काहींची पिशवी ८ ते १३ दिवसांतच बंद केली, काहींची बारा आठवड्यांनंतर. लवकर बंद केलेल्यांना पुढच्या वर्षभरात गुंतागुंती कमी झाल्या. सर्वांना हे जमणारे नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

पिशवी पूर्णपणे टाळण्याचेही प्रयत्न होत आहेत. गुदद्वारातून एक नळी काही दिवस ठेवून सांध्यावरचा दाब कमी करायचा, ही सोपी युक्ती. चीनमध्ये ५६० रुग्णांवर ती पाहिली. २०२१ साली निकाल आला की नळीने गळतीत फरक पडला नाही. दुसरी युक्ती, लहान आतड्याच्या वेढ्याभोवती फीत ओवून तो पोटाच्या आतच ठेवायचा आणि सांधा गळालाच तर ओढून बाहेर काढायचा. तिसरी जुनीच, अमेरिकेचे टर्नबुल आणि ब्राझीलचे कुटाइट यांच्या नावाने ओळखली जाणारी. सांधा लगेच करायचाच नाही. आतडे गुदद्वारातून बाहेर ठेवायचे आणि काही दिवसांनी, ते आत चिकटल्यावर, जोडायचे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ९२ रुग्णांच्या अभ्यासात या पद्धतीत आणि पिशवीच्या पद्धतीत सुरुवातीच्या गुंतागुंतींच्या बाबतीत ठळक फरक आढळला नाही. पण हे सगळीकडे होत नाही, आणि त्यात हात बसलेला सर्जन लागतो.

आणि पिशवी गेली म्हणजे सारे पूर्ववत झाले असेही नाही. गुदाशय हे साठवणीचे भांडे, तेच गेले. घाई होते, थोडे थोडे अनेकदा जावे लागते, कधी तासाभरात चार वेळा. पुणे ते सातारा रस्त्यावरच्या कोणत्या पेट्रोल पंपावरचे स्वच्छतागृह उघडे असते, हे आज माझ्याइतके कुणाला ठाऊक नसेल. काळाबरोबर हे बरेच सुधारते, माझे सुधारले. पण कुणी आधी सांगितले असते, तर पहिल्या महिन्यात मी “याच्यापेक्षा पिशवी बरी होती” म्हणून रडलो नसतो.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला डॉक्टरांचा: ओपीडीत शंभर रुग्ण, एवढे सांगायला वेळ कुठून आणायचा? खरे आहे. पण विचारायचे प्रश्न पाचच आहेत. माझा सांधा किती खाली येईल? पिशवी न ठेवल्यास माझ्या बाबतीत धोका किती? ठेवल्यास कोणत्या आतड्याची आणि का? ती केव्हा बंद होईल आणि न होण्याचा संभव किती? आणि नंतर माझा दिवस कसा असेल? पंधरा मिनिटांचे काम. सांध्याची नक्की स्थिती आत गेल्यावरच कळते आणि अखेरचा निर्णय सर्जनने टेबलापाशीच घ्यायचा असतो, हेही मान्य. पण कशाकशाची शक्यता आहे हे माहीत असलेला माणूस शुद्धीवर येताना दचकत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या घरांतला: पेशंट खचेल. मी खचलो तो पिशवीने नव्हे. मला वगळून माझ्याविषयी ठरवले गेले, याने खचलो. पुढे ती पिशवी पत्नीने बदलायला शिकवली. भोक मापाने कापायचे, कातडी कोरडी करायची, पट्टी हाताच्या उबेने चिकटवायची. चिकटणाऱ्या पिशवीची कल्पनाही एका घरातूनच आली आहे. १९५४ साली डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेनसन या परिचारिकेने आपल्या बहिणीसाठी ती सुचवली; ऑपरेशननंतर बहीण चारचौघांत जायला धजत नव्हती म्हणून. माया म्हणजे लपवणे नव्हे, हे त्या बाईंना कळले होते.

गेल्या वर्षी माझ्या आतेबहिणीला हाच आजार निघाला. वय बाहत्तर. तिच्या मुलांनी मला बोलावले ते तिची समजूत घालायला, खरे म्हणजे काहीतरी गोड बोलून तिला तयार करायला. मी म्हणालो, “मी सगळं सांगणार असेन तर येतो.” मग तिच्यासमोर बसून कागदावर आतड्याचे चित्र काढले आणि वरचा सगळा हिशेब तिला सांगितला. आकडे, उन्हाळा, दुसरे ऑपरेशन, पाचांत एक, सगळे. मुले अस्वस्थ होऊन माझ्याकडे पाहत होती. अक्का गप्प बसून ऐकत होती. सांगून झाल्यावर ती म्हणाली, “अरे, ते ठीक आहे. पण मी साडी नेसते. परकराची नाडी इथं येते. पिशवी नेमकी इथंच आली तर?”

सहा वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी तो डॉक्टरांना विचारला. ते हसले नाहीत. त्यांनी पिशव्यांचे काम पाहणाऱ्या परिचारिकेला बोलावले. तिने अक्काला बसवले, उभे केले, वाकायला लावले आणि नाडीच्या रेषेपासून दूर, अक्काला स्वतःला वाकून दिसेल अशा जागी पेनने एक गोल फुली केली. अशी खूण ऑपरेशनच्या आधीच करावी असा नियमच आहे, असे ती म्हणाली. माझ्या पोटावर अशी कुणी केली नव्हती. माझी पिशवी नेमकी पट्ट्याखाली आली होती आणि नऊ महिने मी पँट बेंबीच्या वर बांधून फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परिचारिका कागद घेऊन आली. मुलाने “आई, इथे सही कर” म्हणून बोट ठेवले. अक्काने त्याचा हात बाजूला केला आणि म्हणाली, “माझा चष्मा दे आधी.”